प्रवेशअर्जापूर्वी वर्गाची पायरी

(धाराशिव जिल्ह्यातील पदवीधर युवक-युवती व त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता त्या काळात, १९२१ साली, या गावी एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी हे तिचे संस्थापक. मुलूख निजामाचा. संस्थानात माध्यमिक शिक्षण उर्दूतून दिले जाई. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला प्राथमिक शाळा ओलांडली की परक्या भाषेचा डोंगर चढावा लागे आणि पुष्कळ मुले त्या डोंगराच्या पायथ्याशीच थांबत. अशा मुलखात, शहरापासून दूर, मातृभाषेतून शिकवणारी आणि मुलांच्या मनात स्वदेशाचे भान जागे करणारी शाळा चालवणे हे सोपे काम नव्हते.

या शाळेत १९२९ साली पंचविशीतला एक तरुण शिक्षक म्हणून आला. त्याचे नाव व्यंकटेश खेडगीकर. १९०३ साली सिंदगी येथे जन्म, असहकाराच्या हाकेला ओ देऊन सोडलेली सरकारी शाळा, टिळक विद्यापीठातील शिक्षण आणि त्यानंतर ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत घालवलेली काही वर्षे, एवढी शिदोरी त्याच्यापाशी होती. हिप्परग्याच्या वास्तव्यातच या तरुणाने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. भगवी वस्त्रे अंगावर आली, पण वर्ग सुटला नाही. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात गेले, तेथेही शिकवतच राहिले. १९३८ मध्ये संस्थानातील सत्याग्रहाने त्यांना शाळेतून तुरुंगात नेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला तेव्हा या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या संन्याशाच्या पाठीशी जवळजवळ एका दशकाचे अध्यापन उभे होते.

हा इतिहास या सभेतील अनेकांना ठाऊक आहे. आज तो सांगण्याचे कारण वेगळे आहे. दरवर्षी बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की या जिल्ह्यातील असंख्य घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला किंवा मुलीला डी.एल.एड. ला घालावे की बी.एड. ला? कोणत्या महाविद्यालयात? शुल्क किती? भरती केव्हा निघणार? हे सर्व प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्या आधी विचारला पाहिजे असा एक प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. या मुलाने कधी वीस-पंचवीस मुलांसमोर उभे राहून पाहिले आहे का? त्याला तेथे उभे राहावेसे वाटते का? हिप्परग्याच्या शाळेत आलेल्या तरुणाला शिक्षकपण वर्गात उभे राहूनच अंगी बाणवावे लागले. आपण मात्र आपल्या मुलांना वर्ग दाखवण्याआधीच त्यांचे आयुष्य वर्गाशी बांधून टाकतो.

पदविकेची लाट

हे बांधणे किती महागात पडते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात डी.एड. ची विद्यालये शेकड्यांनी निघाली. बारावीनंतर दोन वर्षे, आणि विशीतच सरकारी शिक्षक! कोरडवाहू शेती, तीन वर्षांतून एकदा हुलकावणी देणारा पाऊस आणि कारखानदारीचा अभाव असलेल्या या जिल्ह्यात त्या पदविकेचे आकर्षण किती असणार, हे सांगायला नको. बाप जमिनीचा तुकडा गहाण टाकी, आई अंगावरचे डाग मोडी. सोयरिकीच्या बोलण्यातही ‘मुलगी डी.एड. झालेली आहे’ हे वाक्य हुंड्याइतकेच वजनदार ठरू लागले.

मग लाट ओसरली. २०१० च्या भरतीनंतर २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला होता. त्यानुसार शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा २०१३ मध्ये झाली. पदविका हाती, पण पात्रता नाही. पात्रता मिळाली, पण भरती नाही, अशी एका पिढीची कोंडी झाली. पुढे अनेक विद्यालयांना कुलपे लागली. ज्यांनी उमेदीची वर्षे वाट पाहण्यात घालवली त्यांच्यापैकी कोणी किराणा दुकान टाकले, कोणी पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामगार झाले. शासनाच्या धोरणाचा दोष त्यात होताच आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण त्या पिढीतील तरुणांशी मोकळेपणाने बोलले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. त्यांच्यातील काहींना वर्गाची मनापासून ओढ होती आणि त्यांचे दुःख खरे होते. काहींना मात्र वर्ग कसा असतो याची कल्पनाच नव्हती. त्यांना हवी होती ती नोकरी, आणि शिक्षकाची नोकरी ही त्यातल्या त्यात जवळची वाट होती. दोघांचे अर्ज एकाच नमुन्याचे, दोघांचे शुल्क सारखेच. त्यांना वेगळे ओळखणारी चाळणी प्रवेशप्रक्रियेत कोठेच नव्हती.

ती आजही पुरेशी नाही. बी.एड. च्या राज्य सामायिक प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता आणि सामान्य ज्ञान यांच्या जोडीला ‘शिक्षक अभियोग्यता’ असा विभाग असतो. हेतू चांगला आहे. पण चार पर्यायांपैकी योग्य उत्तर निवडून आपण किती संयमी आहोत, हे कोणालाही दाखवता येते. तिसरीतला मुलगा सलग पाचव्यांदा हातच्याची वजाबाकी चुकतो, मागच्या रांगेत दोघे पाटीवरून भांडतात आणि त्याच क्षणी दारात पोषण आहाराचा तांदूळ मोजून घेण्यासाठी कोणीतरी उभे असते, तेव्हा तो संयम शिल्लक राहतो की नाही, हे कळण्यासाठी वर्गातच जावे लागते.

वर्ग प्रत्यक्षात कसा असतो?

प्रशिक्षणाला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. कायद्याने ते आवश्यक आहे आणि ते असलेच पाहिजे. बालमानसशास्त्र, अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन या गोष्टी अंदाजाने येत नाहीत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. चा अभ्यासक्रम एका वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव समाविष्ट झाला. चार आठवडे पहिल्या वर्षी, सोळा दुसऱ्या वर्षी. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. पण विद्यार्थ्याला दीर्घकाळ शाळेत राहण्याची संधी मिळते ती दुसऱ्या वर्षी. तोवर शुल्क भरून झालेले असते, एक वर्ष उलटून गेलेले असते, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे उमजले तरी माघारी फिरण्याची वाट बंद झालेली असते.

शिवाय प्रशिक्षणातील पाठ आणि खेड्यातील वर्ग यांत अंतर असते. छात्राध्यापक रात्रभर जागून टाचण काढतो, तक्ते रंगवतो, एका इयत्तेसाठी पस्तीस मिनिटांचा पाठ बांधतो. आणि धाराशिव जिल्ह्यातील लहान गावची शाळा कशी असते? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत एका शिक्षकाकडे एका खोलीत दोन इयत्ता, आणि दुसरा शिक्षक बैठकीला गेला की चारही. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन दुसरीला गणित सांगायचे, तेवढ्यात पहिलीची पेन्सिल तुटते. एका वेळी अनेक इयत्ता सांभाळण्याची ही कसरत दोन-तीन आठवडे जवळून पाहिलेला विद्यार्थी पुढे प्रशिक्षण वर्गात वेगळ्याच भुकेने बसतो. त्याचे प्रश्न पुस्तकातून आलेले नसतात.

दुसरी गोष्ट भाषेची. या जिल्ह्याच्या नकाशावर उमरगा तालुका कर्नाटकाला भिडलेला आहे. तेथे काही घरांत कानडी बोलली जाते. तांड्यावरील मूल गोरमाटी बोलत शाळेत येते. पारधी वस्तीवरील मुलाची बोली आणखी वेगळी. ही मुले पहिल्या दिवशी गप्प बसतात आणि अननुभवी डोळ्यांना ती मंद वाटतात. त्या मुलाला उत्तर येत असते, ते सांगण्यासाठी लागणारा शब्द तेवढा येत नसतो. जी गोष्ट निजामाच्या काळी उर्दू शाळेत मराठी मुलाच्या वाट्याला येत होती, तीच आज मराठी शाळेत या मुलांच्या वाट्याला येऊ नये, याची जबाबदारी त्यांच्यासमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकावर आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे १९९३ पासून भटक्या-विमुक्त समाजातील मुलांची शाळा उभी आहे. गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामातून ती आकाराला आली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्यांच्या घरात शाळेची पायरी कोणीच चढली नव्हती, अशा मुलांना वर्गात टिकवून धरणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर ते असे काम पाहूनच समजते.

तिसरी गोष्ट ऋतूंची. दिवाळी सरली की कळंब, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जूनमध्ये पटावर चाळीस मुले असलेल्या शाळेत डिसेंबरमध्ये किती उरतील, हे तेथील शिक्षकालाही सांगता येत नाही. मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय होते, पण पुष्कळ मुले आई-बापांबरोबर फडावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात ती वाचन विसरून. राष्ट्रीय पातळीवर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता आणि मूलभूत गणित करता यावे, असे ध्येय ठेवले. ते ध्येय कागदावरून जमिनीवर आणायचे असेल तर या परतलेल्या मुलाजवळ कोणीतरी रोज अर्धा तास बसावे लागते. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कोठे मिळणार?

गुजरातीतील नामवंत शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक तरुण शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. मोठ्या योजना मनात घेऊन तो वर्गात जातो, आणि पहिल्याच दिवशी मुले त्याच्या शांततेच्या खेळाचा गोंगाटात फज्जा उडवतात. गिजुभाई स्वतः भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत मुलांमध्ये वर्षानुवर्षे राहिलेले होते. म्हणूनच त्यांनी आपल्या नायकाला पहिल्या दिवशी हरवले. वर्गात पहिल्या दिवशी हरणे अटळ असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते की नाही, ही खरी अभियोग्यता परीक्षा.

निमशिक्षकांनी शिकवलेला धडा

आधी वर्ग आणि मग प्रशिक्षण, हा क्रम महाराष्ट्राला अगदी अपरिचित नाही. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात निवडलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. पुढे नव्या शतकाच्या आरंभी राज्यात वस्तीशाळा निघाल्या. गावापासून दूर असलेल्या वस्त्यांवरील लहान मुलांना ओढे-नाले ओलांडून शाळेत जाता येत नाही, म्हणून शाळाच वस्तीवर नेण्याची ती योजना होती. त्याच परिसरातील शिकलेला तरुण किंवा तरुणी तेथे स्वयंसेवक म्हणून शिकवी. मानधन महिना एक हजार रुपये. छत मिळाले तर समाजमंदिराचे, नाहीतर झाडाचे. यांना पुढे निमशिक्षक म्हटले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ आरंभी अध्यापनाची पदविका नव्हती. ती त्यांनी शिकवता शिकवता दूरशिक्षणातून मिळवली आणि २०१४ मध्ये त्यांना शिक्षक म्हणून नियमित सेवेत सामावून घेण्यात आले.

या घटनेला दोन बाजू आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली बाजू अशी की, वर्ग आधी हाताळलेला असल्यामुळे पदविकेच्या पुस्तकातील प्रत्येक प्रकरण या मंडळींना ओळखीचे वाटले असणार. मूल शाळेला का घाबरते, याचे उत्तर वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे विशिष्ट मूल होते. दुसरी बाजू कटू आहे. हजार रुपयांवर तरुणांकडून वर्षानुवर्षे पूर्ण शिक्षकाचे काम करून घेणे हा अन्याय होता. आणि प्रशिक्षण न घेतलेल्या हाती आपली मुले सोपवली जाणे हा वस्तीवरच्या पालकांवरही अन्यायच होता. शहरातील मुलाला प्रशिक्षित शिक्षक आणि वस्तीवरच्या मुलाला स्वयंसेवक, ही विभागणी कोणत्याही समाजाला शोभणारी नव्हे.

२०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णाला सहा हजार, पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने कामाचा अनुभव देण्याची ही योजना होती. पुढे तिला मुदतवाढही मिळाली. या योजनेतून अनेक तरुण-तरुणी जिल्हा परिषदेच्या शाळांत पोहोचले. ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे होते त्यांच्यासाठी ही मोठीच संधी होती. तथापि मुदत संपल्यावर ‘आम्हांला कायम करा’ ही मागणी पुढे आली आणि तिने जुनाच प्रश्न पुन्हा समोर आणला. अनुभव म्हणून सुरू झालेली गोष्ट नोकरीचे आश्वासन समजली गेली की तरुणाची फसगत होते, आणि शिक्षकाची रिकामी जागा भरण्याची स्वस्त युक्ती ठरली की मुलांची फसगत होते. म्हणून अनुभवासाठी शाळेत जाणाऱ्याने आणि त्याला बोलावणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट ठेवावी : येथे शिकवण्याची जबाबदारी नियमित शिक्षकाची आहे. आलेला तरुण शिकायला आलेला आहे.

हा अनुभव कसा घ्यावा?

समजा, उमरग्याकडची एक मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे बी.एड. करावे असे तिच्या मनात आहे. तिने काय करावे? आपल्या गावच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटावे आणि रीतसर लेखी परवानगी मागावी. अशा शाळेत कायद्याने पालकांचा समावेश असलेली शाळा व्यवस्थापन समिती असते. समितीच्या कानावरही ही गोष्ट घालावी. मुले पालकांची आहेत, तेव्हा वर्गात नवे कोण येते हे पालकांना ठाऊक असले पाहिजे. अनेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सांभाळता येईल असा हा वार आहे. ठरवलेला वार चुकवू नये. लहान मुले वाट पाहतात, आणि न आलेल्या माणसाला ती दुसऱ्यांदा तितक्या सहज आपले मानत नाहीत.

पहिले काही दिवस तिने काहीही शिकवू नये. मागच्या ओळीत मुलांजवळ बसावे आणि पाहावे. शिक्षक फळ्याकडे वळले की काय होते? कोणाला प्रश्न विचारले जातात आणि कोणाकडे कोणी वळूनही पाहत नाही? मधल्या सुट्टीत एकटे कोण बसते? घरी आल्यावर वहीत एक पान लिहावे. त्यानंतर गुरुजींच्या किंवा बाईंच्या संमतीने चार-पाच मुलांचा एक गट घ्यावा, ज्यांना अजून धड वाचता येत नाही अशांचा. त्यांच्याबरोबर रोज वीस मिनिटे एवढेच काम दोन महिने करावे. त्यातले एक मूल जरी अडखळत का होईना वाचू लागले, तरी त्या मुलीला शिक्षकी पेशातील आनंद म्हणजे काय, हे कळेल. एकही मूल पुढे सरकले नाही, तर आपल्याला अजून काय शिकायचे आहे, हे कळेल. सर्वांत शेवटी, शिक्षक वर्गात बसलेले असताना, एक पूर्ण तास घ्यावा आणि नंतर त्यांनाच विचारावे, ‘कोठे चुकले?’

काही पथ्ये अपरिहार्य आहेत. मुलावर हात उगारायचा नाही आणि त्याला लागेल असे बोलायचे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि ती शिक्षकाइतकीच पाहुण्यालाही लागू समजावी. मुलांची छायाचित्रे काढून आपल्या सेवेची जाहिरात करायची नाही. कोणाच्या घरची परिस्थिती कळली तर ती चावडीवर बोलायची नाही. शाळेतील मुलांना घरी बोलावून शिकवणीचा धंदा सुरू करायचा नाही. आणि शिक्षक रजेवर आहेत म्हणून वर्ग एकटीवर सोपवला जात असेल, तर नम्रपणे नकार द्यायचा.

शक्य झाले तर हा अनुभव जूनच्या पहिल्या दिवसापासून दिवाळीपर्यंत घ्यावा आणि दिवाळीनंतर पुन्हा काही आठवडे जावे. म्हणजे रडत येणारी पहिलीची मुले, पंधरा ऑगस्टच्या कवायतीतील उत्साह, पहिली चाचणी आणि ऊसतोडीनंतरची रिकामी बाके, असे शाळेचे सर्व ऋतू पाहून होतात. अशा अनुभवाला प्रवेश परीक्षेत गुण नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. इंग्लंडमध्ये शिक्षक प्रशिक्षणाला अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने काही दिवस शाळेत घालवावेत, असा प्रघात आहे. सक्ती तेथेही नाही. पण सक्ती नसताना केलेल्या कामातूनच माणसाला स्वतःची खरी ओळख पटते.

पालकांच्या मनातील शंका

येथे बसलेल्या एखाद्या पित्याच्या मनात येईल, ‘आमच्यासारख्यांना हे परवडणार आहे का? मुलगा दोन पैसे मिळवायला लागावा म्हणून शिकवतो, आणि तुम्ही त्याला फुकट शाळेत पाठवायला सांगता!’ ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. ज्याच्या घरी खरोखरच हातातोंडाची गाठ आहे, त्याने कमाई सोडून असे करावे, असे कोणी म्हणणार नाही. त्याने शिकतानाच आठवड्यातील एक सकाळ दिली तरी पुरे. पण हिशेबच करायचा तर तो पुरता करावा. काही शनिवारांचा खर्च एका पारड्यात ठेवावा. दुसऱ्या पारड्यात दोन वर्षांचे शुल्क, खोलीभाडे, खाणावळ आणि त्यानंतर पात्रता परीक्षा व भरतीची प्रतीक्षा ठेवावी. कोणते पारडे जड आहे, हे सांगावे लागणार नाही.

या हिशेबात आणखी एक आकडा धरला पाहिजे. पंचविसाव्या वर्षी सेवेत आलेला शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे तेहतीस वर्षे. वर्षाला सरासरी तीस मुले धरली तर त्याच्या हाताखालून जवळजवळ एक हजार मुले जातात. ज्याला वर्गाचा कंटाळा आहे असा माणूस केवळ पगारासाठी तेथे बसला तर त्याचे स्वतःचे एक आयुष्य कोमेजते, पण त्या हजार मुलांचे जे नुकसान होते ते कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही. त्यांपैकी बहुतेकांचे पालक सकाळी कामाला जाणारे असतात. तक्रार करायला त्यांना सवड नसते आणि दुसरी शाळा निवडायला पैसा नसतो. त्यांच्या मुलांच्या वाट्याला जो शिक्षक येईल तोच त्यांचा शिक्षक.

म्हणून एखादा मुलगा चार महिने शाळेत जाऊन आला आणि घरी म्हणाला, ‘बाबा, हे काम माझ्याने होणार नाही,’ तर त्याला रागावू नये. त्याने प्रामाणिकपणे स्वतःला तपासले आणि हजार मुलांवर उपकार केले, असे समजावे. त्याच्यासाठी दुसरी क्षेत्रे आहेत. आणि एखादी मुलगी परत येऊन ‘मला शिक्षिकाच व्हायचे आहे’ असे म्हणाली, तर तिच्या मागे घराने खंबीरपणे उभे राहावे. भरतीला उशीर झाला तरी चालेल, लग्नाची घाई करू नये. त्या ‘च’ मध्ये जे बळ असते ते कोणत्याही प्रमाणपत्रात नसते.

शाळांचीही एक जबाबदारी आहे. अनुभवासाठी आलेल्या तरुणाकडे ‘आणखी एक लुडबूड’ म्हणून न पाहता उद्याचा सहकारी म्हणून पाहावे. प्रत्येक गावात एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई असतातच. त्यांनी आठवड्यातून एकदा अशा दोन-चार तरुणांना ओट्यावर बसवून त्यांच्या वह्यांतील पाने ऐकावीत आणि आपल्या चुकाही मोकळेपणाने सांगाव्यात. या कामाला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. अनुभवी माणसाने नवख्याजवळ बसावे, एवढेच लागते.

हिप्परग्याच्या शाळेला शंभर वर्षे केव्हाच पूर्ण झाली. त्या शाळेत शिकवायला आलेल्या तरुणापुढे पगाराची खात्री नव्हती. समोर मुले होती आणि त्यांना शिकवण्याची गरज स्पष्ट दिसत होती. आज पगार आहे, कायदा आहे, प्रशिक्षणाची सोय आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण मुले तशीच समोर बसलेली आहेत, तांड्यावरची, वस्तीवरची, फडावरून परतलेली. येत्या जूनमध्ये गावच्या शाळेची घंटा वाजेल तेव्हा शिक्षक होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने आणि तरुणीने प्रवेशअर्ज थोडा बाजूला ठेवावा, त्या शाळेत जावे आणि मागच्या ओळीत मुलांजवळ जागा मागून घ्यावी. अर्ज भरायचा की नाही, हे ती मुलेच त्यांना सांगतील.